न विसरण्याचं पथ्य

आई गेली तेव्हा तिला पोटच्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण कालव्याचा रस्ता आठवत होता. भर दुपारी मागच्या जिन्यानं ती एकटीच खाली उतरली, गल्लीतून कालव्यावर गेली आणि दुसऱ्या दिवशी पाणी अडवायच्या लोखंडी दारांपाशी सापडली.

त्या दुपारी तिच्यापाशी बसायची पाळी धाकट्या मुलाची होती. थोरली मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. धाकट्याची बेकरी घराच्या तळमजल्यावर, आणि वरच्या दोन खोल्यांत आई आणि थोरली राहायच्या. मागच्या जिन्याच्या दाराला थोरलीनं आईचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर कडी बसवून घेतली होती, आणि सकाळी निघताना ती स्वतःच्या हातानं लावली होती. संध्याकाळी घरात माणसांची ही गर्दी झाली, तेव्हा तिनं ते दार जाऊन पाहिलं. कडी निघालेली होती आणि वरच्या पायरीवर धाकट्याच्या सिगारेटची दोन थोटकं पडलेली होती.

पण तोवर धाकट्यानं मावशीला सांगून टाकलं होतं. "ताईनं कडी लावली नव्हती गं. मी जरा खाली गेलो, तेवढ्यात..." आणि तो रडला होता. धाकटा रडला की लोकांना खरं वाटायचं. गोल चेहऱ्याचा, हसतमुख, कुणाच्याही मुलाच्या हातावर बिस्किट ठेवणारा माणूस. थोरली मात्र आपल्यातच राहणारी, कमी बोलणारी, लग्न न केलेली. असल्या बाईनं दार उघडं टाकलं असेल, यावर विश्वास ठेवायला कुणालाच जड गेलं नाही.

चार दिवसांनी थोरलीनं त्याला बेकरीच्या मागच्या खोलीत गाठलं. तो कणीक मळायच्या टेबलावर पीठ पसरत होता.

"कडी तू काढलीस."

"काढली असेन."

"मग मावशीला तसं सांग."

तो पीठ पसरत राहिला. "आता सगळ्यांना सांगून झालंय, ताई. कसं बदलू? माझं दुकान आहे, चार लोक येतात. तुझं काय, तू एकटी. तुला कोण काय म्हणणार?"

लोक बरंच काही म्हणाले. थोरलीनं खरं सांगून पाहिलं, तर 'स्वतःचं पाप भावाच्या गळ्यात घालतेय' असं ऐकायला मिळालं. मावशी तर सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या बहिणीला पाण्यात घातलंस आणि वर तोंड करून बोलतेस?" त्यानंतर मावशीनं तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही. थोरली गप्प बसली. गप्प बसली म्हणजे विसरली, असं धाकट्याला वाटलं. तिथंच तो चुकला.

विसरणं ही काय चीज असते ते थोरलीनं घरात पाहिलं होतं. बाबांनी आईला तिच्या स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला जाऊ दिलं नव्हतं. कारण काय, तर पाहुणे जेवायला यायचे होते. आईनं ते तीस वर्षं मनात धरलं. बाबांशी ती लागेल तेवढंच बोलायची. मग तिला हा आजार जडला आणि बाकीच्या सगळ्याबरोबर तेही पुसलं गेलं. ती बाबांचा हात हातात घेऊन बसायला लागली. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "शेवटी तिनं मला माफ केलं." आईनं माफ केलं नव्हतं, ती विसरली होती. पण बाबा त्यालाच माफी समजले आणि सुखानं डोळे मिटून गेले. थोरलीला त्यांचा मृत्यू कधी खुपला नाही, त्यांचं ते सुख खुपलं.

आई गेल्यावर काही वर्षांनी धाकटा वर आला. बऱ्याच दिवसांनी जिना चढला होता, त्यामुळे धापा टाकत होता. पन्नाशी गाठता गाठता त्याचं पोट त्याच्याही पुढं चालायला लागलं होतं. लहानपणी थोरली त्याला 'ढोल्या' म्हणायची, ते आता कुणीही म्हटलं असतं.

"मी रक्त तपासून घेतलं, ताई," तो म्हणाला. "आईच्या आजाराचं. ते जनुक असतं ना, ते. माझ्यात दोन्हीकडून आलंय. एक आईकडचं, एक बाबांकडचं."

त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. थोरलीनं त्याला पाणी दिलं. तो ते प्यायला.

"तुझ्यात पण असेल. तू पण बघून घे."

तिनं बघून घेतलं. तिच्यात ते एकच होतं. मग दोघं मिळून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई शांत, तोलून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "धोका इतरांपेक्षा जास्त आहे, तुमचा तर बराच जास्त. पण हा निकाल नव्हे. अशी कितीतरी माणसं शेवटपर्यंत ठणठणीत राहतात. आहारानं आजार टळतोच, असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, तसं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण वजन, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा. रोज चाला. सिगारेट बंद. मैदा, साखर, तळलेलं कमी करा. भाज्या, कडधान्यं, मासे, अक्रोड खा. रात्री लवकर जेवा आणि सकाळपर्यंत पोटाला बारा तास विश्रांती द्या. एवढं पुरे."

बाहेर आल्यावर धाकटा म्हणाला, "मैदा आणि साखर कमी. म्हणजे मी दुकानात उभं राहायचं तरी कसं? माझ्यानं नाही होणार हे. तू शिस्तीची आहेस, ताई. तू माझं जेवणाचं बघशील?"

सावज आपल्या पायांनी चालत आलं होतं. थोरलीनं लगेच हो म्हटलं नाही. थोडं चालून गेल्यावर म्हणाली, "बघेन. पण मी सांगेन ते ऐकायचं."

"ऐकेन."

"मला तू शाबूत हवास," ती म्हणाली, आणि धाकट्याचे डोळे भरून आले. बहिणीची माया, असं त्याला वाटलं. थोरलीच्या मनात वेगळंच होतं. हाही आईसारखा विसरत गेला, तर एक दिवस तो दिवस आणि ती कडीही विसरेल. खुर्चीत बसून लहान मुलासारखा हसेल आणि लोक म्हणतील, बिचारा. बाबांना फुकटात मिळालं ते याला मिळू द्यायचं नाही. याचं डोकं लखलखीत ठेवायचं, आणि त्याच डोक्यातून ते बाहेर काढायचं.

तिनं कामाला हात घातला तो चष्म्याची काच घासावी तसा. दिवस मावळायच्या आत जेवण. वाफवलेली भाजी, कडधान्यं, माशाचा तुकडा, वर कच्चं तेल आणि लिंबू. नंतर फक्त पाणी. सकाळी पोट रिकामं असतानाच कालव्याच्या काठानं चालणं. वाट तिनं मुद्दाम तीच निवडली. पहिल्या दिवशी लोखंडी दारं आली तसा धाकटा म्हणाला, "दुसरीकडून जाऊ या का?"

"इथं सपाट आहे. गुडघ्यांना बरं," थोरली म्हणाली.

बेकरीत पहाटेपासून भट्टी पेटलेली असायची. गरम पाव बाहेर यायचे, लोणी वितळायचं, साखरेचा पाक उकळायचा, आणि धाकटा त्या सगळ्यात उपाशी उभा. पूर्वी तो चव बघता बघताच पोट भरून घ्यायचा. आता चव बघायला बायकोला बोलवायचा. वर खोलीत बसून थोरलीला खालचा वास यायचा आणि त्याच्या आतड्यांना पडणारा पीळ तिला इथं गोड लागायचा. ती स्वतःही तेच खायची, त्याच वेळेला. कुणी बोट दाखवायला जागा नको, म्हणून. आणि दुसरं म्हणजे, विसरायचं तिलाही नव्हतं.

धाकट्याची बायको मात्र मनापासून खूष होती. "ताई, तुम्ही नसतात तर यांचं काही खरं नव्हतं," ती म्हणायची. ती चांगली बाई होती. लग्न होऊन आली ती आई गेल्यानंतर, त्यामुळे तिला माहीत होतं ते नवऱ्यानं सांगितलेलं. तरीही ती थोरलीला कधी टाकून बोलली नव्हती. थोरलीला तिच्याबद्दल थोडं वाईट वाटायचं, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं म्हणून ती पुढं जायची.

काही महिन्यांत धाकट्याचं पोट उतरलं. रक्तदाब खाली आला. झोप लागायला लागली. आणि उत्साहाच्या भरात त्याला आपल्या स्मरणशक्तीचा अभिमान वाटू लागला. तो अभिमान थोरलीनं खतपाणी घालून वाढवला. दुकानात गिऱ्हाईक असताना ती खाली यायची आणि विचारायची, "शिंपीणबाईंच्या मुलीच्या लग्नाला कसला केक होता रे?"

"तीन मजली. वर जांभळी फुलं. मधला मजला वाटेत खचला, तो मी तिथं जाऊन क्रीम लावून सावरला."

गिऱ्हाईक चकित व्हायचं. धाकटा छाती फुगवून म्हणायचा, "सगळी ताईच्या पथ्याची कमाल. हत्तीची स्मृती आहे माझी आता." हळूहळू सगळ्या गल्लीत ते पसरलं. लोक गंमत म्हणून त्याला जुन्या गोष्टी विचारायचे आणि तो बिनचूक सांगायचा. डॉक्टरीणबाईंनी चाचणी घेतली, तीत त्याला पैकीच्या पैकी मिळाले. त्या म्हणाल्या, हे पथ्यामुळेच असं नाही, आधीही मिळालेच असते. हे वाक्य तेवढं धाकट्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग थोरलीनं पकड जरा आवळली. बाईंनी बारा तास सांगितले होते, तिनं सोळा केले. धाकटा कुरकुरला. "नवीन अभ्यास आलाय," ती म्हणाली. तिनं खरंच कुठंतरी वाचलं होतं, पण ते उंदरांवर केलेलं होतं. सोळाचे अठरा झाले. पहाटेपासून भट्टीसमोर राबणाऱ्या माणसाच्या पोटात भर दुपारपर्यंत कण नाही. त्याचे हात थरथरायचे. ती बघायची. पुरे म्हणावं, असं एकदा तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो आरशात बघून म्हणाला, "बघ ताई, आई असती तर ओळखलं असतं का मला?" आणि हसला. ते हसणं बघून तिनं ओठ मिटले.

तिसऱ्याच दिवशी तो भट्टीपाशी चक्कर येऊन पडला. पडताना हात तापलेल्या पत्र्यावर टेकला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढलेला थोरलीनं ऐकला. "अठरा तास? कुणी सांगितले? उपाशी राहून जनुक बदलत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस, आगीसमोर काम करणारा. हे पथ्य नाही, हा छळ आहे."

थोरली तोंड उघडणार, तोच खाटेवरून धाकटा म्हणाला, "मीच वाढवले, बाई. ताई नको म्हणत होती."

त्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली. बाई त्याला आणखी चार शब्द सुनावून गेल्या. बायको औषधं आणायला गेली. खोलीत दोघंच उरली, तेव्हा धाकट्यानं बांधलेला हात छातीवर घेतला आणि हळूच विचारलं, "फिटलं ना, ताई?"

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मासे आणि अक्रोड गिळताना, कालव्याच्या काठानं चालताना त्याला ते सगळं कशासाठी चाललंय याचा वास लागला होता. आणि आता एका दवाखान्यातल्या एका वाक्यावर तो हिशेब मिटवायला निघाला होता. थोरलीच्या अंगाची लाही झाली. याचा आळ तिनं इतकी वर्षं वाहिला. तिचा आळ यानं क्षणभर उचलला आणि लगेच पावती मागतोय.

"नाही," ती म्हणाली. "हात बरा होऊ दे. मग बोलू."

हाताची जखम भरत आली आणि मावशीचा ऐंशीवा वाढदिवस आला. मावशीच्या बैठकीच्या खोलीत दुपारचं जेवण होतं. थोरलीला बोलावणं नसायचंच, पण या खेपेला धाकट्याच्या बायकोनं हट्ट धरून तिला नेलं. थोरली दारापाशी खुर्ची घेऊन बसली. मावशीनं तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. टेबलावर धाकट्यानं आणलेला केक होता, आणि धाकट्याभोवती कोंडाळं.

"विचारा, काहीही विचारा," मावसभाऊ ओरडून सांगत होता. "अरे, माझ्या पहिल्या सायकलचा रंग?"

"हिरवी. आणि घंटी तुझी नव्हती, माझी चोरलेली होती."

सगळे हसले. मावशीही हसली. "माझ्या बहिणीचं डोकं गेलं, पण पोरानं राखलं हो," ती म्हणाली.

थोरली उठली. आवाज न चढवता म्हणाली, "मला एक सांगायचंय. हा भट्टीपाशी पडला, त्यात याची काही चूक नव्हती. अठरा तास उपाशी राहायला मीच लावलं होतं. डॉक्टरांनी बारा सांगितले होते. यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं."

खोलीत कुजबूज झाली. धाकट्याच्या बायकोच्या हातातली बशी तशीच राहिली. मावशी म्हणाली, "बघा, आईला घालवलं, आता भावाच्या जिवावर उठली."

"हो," थोरली म्हणाली. "माझं मी सांगितलं. आता याला विचारा, आई गेली त्या दिवशी मागच्या दाराची कडी कुणी काढली. याला सगळं आठवतं. सायकलची घंटी आठवते."

धाकट्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "ताई, आज वाढदिवस आहे. ते इतकं जुनं... मला नीट आठवत नाही."

त्याच्या तोंडून वाक्य गेलं आणि त्याचं त्यालाच कळलं. मावसभाऊ हसायला लागला होता, तो मधेच थांबला. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि सगळ्यांना माहीत होतं की त्याला आठवतंय. थोरलीनं वर्षभर राबून त्याची ती एकच पळवाट बुजवली होती.

बोलली ती त्याची बायको. "सांगा ना," ती म्हणाली. "ताईंनी काढली होती ना?"

धाकट्यानं समोरचा केक हातानं बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मी काढली. सिगारेट ओढायला. घरात ओढली की ताई ओरडायची. मग खालून हाक आली, म्हणून दुकानात गेलो. कडी लावायची राहिली." मान वर न करता पुढं म्हणाला, "ताईनं सकाळी लावली होती. मला माहीत होतं."

"आणि माझ्याशीही खोटंच बोललात?" बायकोनं विचारलं. तिनं बशी टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि ती बाहेर पडली.

मावशी थोरलीकडे बघायला धजली नाही. शेवटी मावसभावाला म्हणाली, "तो केक उचल इथून." धाकट्याला ती पुन्हा एक शब्दही बोलली नाही. तो उठून जाताना कुणी त्याला थांबवलं नाही. थोरलीनं त्याचा चेहरा दारापर्यंत नीट बघून घेतला.

पुढं व्हायचं ते झालं. ज्या तोंडांनी थोरलीला बोल लावले होते, तीच तोंडं आता धाकट्याला फाडून खाऊ लागली. काहींनी पावही दुसरीकडून आणायला सुरुवात केली. बायको महिनाभर माहेरी राहून आली. परत आली, पण बोलण्यात आता मोजमाप होतं. थोरलीच्या अंगावरून ओझं उतरलं असं कुणी म्हणालं, तर ते तितकंसं खरं नव्हतं. तिला आनंद झाला होता, साधा, पोटभर आनंद, आणि तो ती लपवतही नव्हती.

मावशीचे निरोप यायला लागले. पहिल्या दोन निरोपांना थोरली गेली नाही. म्हातारीला वाट बघू दिली. तिसऱ्याला गेली, तिच्या हातचं जेवली, आणि मावशी डोळे पुसत "मी तुला इतकी वर्षं..." असं म्हणायला लागली तशी थोरलीनं तिच्या गोळ्यांबद्दल विचारलं. माफी मागायची मावशीची हौस तिनं पुरी होऊ दिली नाही.

धाकट्याचं जेवण तिनं वाढदिवसाच्या त्या दिवसापासून बंद केलं होतं. एका सकाळी त्याची बायको वर आली. दारातच उभी राहिली.

"ते आता काहीही खातात," ती म्हणाली. "साखर, मैदा, मिळेल ते. म्हणतात, विसरलो तर बरंच होईल."

थोरली काम सोडून उठली. "असं म्हणाला?"

"रोज म्हणतात."

थोरलीनं तिला आत बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं: बारा तास, त्याच्यावर एक तासही नाही, सकाळी गोळ्यांआधी काय द्यायचं, मासे कसे वाफवायचे, रागावला तर काय म्हणायचं, चालायला कुणाबरोबर पाठवायचं. बायकोनं मन लावून ऐकलं.

"तुम्हाला अजून एवढी काळजी आहे, ताई?" जाता जाता तिनं विचारलं.

"त्याला जप," थोरली म्हणाली. "त्यानं विसरता कामा नये."

बायकोनं 'हो' म्हणून मान हलवली आणि ती जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवसापासून धाकटा दिवस मावळायच्या आत जेवायला लागला.